रंगरुटाची किंमत
परग्रहवासीयांच्या स्वारीवरील संगणकीय खेळांचे एक परीक्षण

या पत्रिकेत आजवर कादंबऱ्यांची, नाटकांची, आत्मचरित्रांची परीक्षणे येत आली आहेत. संगणकावर खेळावयाच्या खेळाचे परीक्षण कोणी लिहिल्याचे आमच्या स्मरणात नाही. त्यातून खेळ कोणता, तर परग्रहवासीयांनी पृथ्वीवर केलेली स्वारी परतवून लावण्याचा! ज्येष्ठ सभासदांच्या भुवया उंचावतील याची आम्हांला कल्पना आहे. परंतु ज्या घरांतून ही पत्रिका वाचली जाते, त्याच घरांच्या वरच्या खोलीत नातवंडे असे खेळ तासन् तास खेळत असतात. या खेळांना कथा असते, पात्रे असतात, पात्रांचे मरण असते. कथा आली, पात्रे आली, मरण आले, की तेथे टीकेलाही जागा असते, असे आम्ही समजतो.

आमचा या विषयाशी संबंध आला तो नातवामुळे. उन्हाळ्याच्या सुटीत तो घरी आला असता 'एक्सकॉम: एनिमी अननोन' नावाचा खेळ त्याने सुरू केला. या खेळात आपल्या शिपायांना हवी ती नावे देता येतात. त्याने सगळे गणगोत भरती करून टाकले. त्यात आमचाही नंबर लागला. तीन-चार दिवसांनी सकाळच्या पोह्यांच्या वेळी आम्ही सहज चौकशी केली, "काय रे, आमची नोकरी कशी चालली आहे?" तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही तिसऱ्याच मोहिमेत गेलात," आणि पुन्हा पोह्यांकडे वळला. पुढच्या आठवड्यात त्याची आत्या गेली. ही आत्या खेळात मेजरच्या हुद्द्याला पोहोचलेली, लांब पल्ल्याची नेमबाज. त्या रात्री त्याने यंत्र बंद केले आणि तो जेवायला खाली आला नाही.

आम्ही गेलो तेव्हा त्याच्या घशाखाली घास उतरला. आत्या गेली तेव्हा उतरला नाही. आम्हांला राग आला नाही. पण हा भेद कोठून आला, नातवाच्या मनातून की खेळाच्या रचनेतून, हा प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देईना. म्हणून आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, आणि हा खेळ व त्याचा पूर्वज असे दोन्ही नीट पाहिले. पुढील विवेचन त्या पाहण्याचे फलित आहे.

प्रथम पूर्वजाविषयी. ज्युलियन गॉलप आणि निक गॉलप या इंग्रज बंधूंनी रचलेला खेळ 'मायक्रोप्रोज' या कंपनीने १९९४ साली प्रसिद्ध केला. युरोपात त्याचे नाव 'यूएफओ: एनिमी अननोन', तर अमेरिकेत 'एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स'. कथेचा आरंभ १ जानेवारी १९९९ रोजी होतो. आकाशातून येणाऱ्या यानांचा बंदोबस्त करण्यासाठी सोळा राष्ट्रे मिळून एक गुप्त दल उभारतात. या सोळांत भारतही आहे. खेळाडू त्या दलाचा प्रमुख. एकीकडे पृथ्वीचा गोल, तळ, पैसा, प्रयोगशाळा आणि कारखाना सांभाळावयाचा. दुसरीकडे यान उतरलेल्या जागी शिपाई पाठवून, बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाली करीत लढावयाचे. राष्ट्रे दरमहा अनुदान देतात, महिनाअखेर कामगिरीचा गोषवारा घेतात, आणि सलग दोन महिने काम निकृष्ट ठरले तर प्रकल्प गुंडाळून टाकतात. ज्याने उभी हयात सरकारी नस्त्या हाताळल्या आहेत, त्याला या भागात काहीही अविश्वसनीय वाटणार नाही. पृथ्वीचा विनाश दाराशी आला असतानाही अनुदानाचा हप्ता गोषवाऱ्यावाचून सुटत नाही, हे आम्हांला या खेळातील सर्वांत वास्तव चित्रण वाटले.

दुसरा खेळ त्याचाच नवा अवतार. 'फिरॅक्सिस' या अमेरिकी संस्थेने, जेक सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली, तो २०१२ साली आणला. येथे कथा २०१५ सालात घडते. परिषद सोळा राष्ट्रांचीच आहे व भारत याही यादीत आहे. मांडणी अधिक सुटसुटीत, चित्रे अधिक बोलकी, आणि शिपायांचे चेहरे स्पष्ट ओळखू येणारे. नातू खेळत होता तो हा.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पहिल्या खेळाची प्रस्तावना सांगते की, या दलात जगातील उत्तमोत्तम सैनिक, शास्त्रज्ञ आणि अभियंते एकत्र आणले आहेत. मानवजातीच्या रक्षणाचा प्रश्न असताना तसे होणे उचितच. पण तळाचे दार उघडून जो सैनिक आत येतो, तो असतो शुद्ध रंगरूट. त्याचा नेम दहा हातांवर चुकतो. सहकारी पडला की तो बंदूक टाकून पळत सुटतो. त्याच्या अंगावर चिलखत नाही. साधा पोशाख आहे. रात्रीच्या मोहिमेत त्याला अंधारात पाहण्याचे साधन मिळत नाही. उजेडासाठी पेटत्या नळ्या फेकाव्या लागतात, म्हणजे शत्रूला आपणच आपला ठावठिकाणा सांगावयाचा. १९९४ साली जगातील प्रगत सैन्यांपाशी रात्री पाहण्याच्या दुर्बिणी होत्या आणि छातीवरची संरक्षक जाकिटेही होती. सोळा राष्ट्रांनी मिळून ती चौदा माणसांपुरतीही दिली नाहीत, हे कसे मानावे?

याहून मोठी विसंगती शिक्षणाची आहे. या तळावर प्रयोगशाळा बांधता येते, कारखाना बांधता येतो, कोठारे बांधता येतात. चांदमारीचे मैदान मात्र बांधता येत नाही. शिपायाचा नेम सुधारतो तो शत्रूवर गोळी लागली तरच. दोन मोहिमांच्या मधल्या काळात तो तळावर बसून पगार घेतो, आणि त्याचा हात होता तसाच राहतो. आपल्याकडे छोट्याशा गावाच्या पोलीस लाइनीतही वर्षाकाठी चांदमारी होते; जगाच्या रक्षकांच्या नशिबी ती नाही. २०१२ च्या खेळात याची थोडी जाणीव दिसते. तेथे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण विद्यालय उभारता येते. पण या विद्यालयात घडते काय? आरंभी विमानातून चारच शिपाई जाऊ शकतात. पाचवा आणि सहावा बसवावयाचा तर आधी हे विद्यालय बांधावे लागते, मग कोणी तरी शिपाई विशिष्ट हुद्द्याला पोहोचावा लागतो, मग त्या मंजुरीसाठी पैसे भरावे लागतात. विमानात आणखी दोन माणसे बसविण्यासाठी इतका खटाटोप! आमच्या सेवाकाळात वाढीव पदांची मंजुरी आणण्यासाठी आम्ही बरेच उंबरठे झिजविले. पण एवढे नव्हे.

हुद्द्यांची कथाही अशीच. पहिल्या खेळात बढती दलाच्या संख्येवर अवलंबून असते. सेनापतीचे पद एकच, आणि शिपायांची संख्या ठरावीक आकड्यापर्यंत गेल्यावाचून तेही भरले जात नाही. पदसंख्या ही मंजूर मनुष्यबळाच्या प्रमाणात असते, हे तत्त्व आम्हांस परिचयाचे असल्याने आम्ही त्याला नाव ठेवणार नाही. दुसऱ्या खेळात मात्र पहिला शत्रू टिपताच यंत्र आपणच ठरविते की, हा जवान यापुढे नेमबाज, हा तोफवाला, हा शुश्रूषा करणारा, हा आघाडीवर चालून जाणारा. ज्याने हातगोळा फेकून शत्रू मारला, तो दुसऱ्या दिवशी दूर पल्ल्याचा नेमबाज म्हणून रुजू होतो. जवानाला विचारणे नाही, सेनापतीला विचारणे नाही. नातवाला आम्ही याचे कारण विचारले. तो म्हणाला, "तसंच असतं, आजोबा." पदस्थापनेच्या आदेशाविषयी आम्ही स्वतः कनिष्ठांना अनेकदा हेच उत्तर दिलेले असल्याने पुढे काही बोलता आले नाही.

येथवर आम्ही काहीशा विनोदाने लिहिले. पण किमतींचा तक्ता पाहिल्यावर विनोद संपतो. १९९४ च्या खेळात एक शिपाई भरती करण्यास चाळीस हजार डॉलर लागतात. त्याचा मासिक पगार वीस हजार. शास्त्रज्ञाची भरती साठ हजारांत, पगार तीस हजार. आता दुसरी बाजू पाहा. मेलेल्या परग्रहवासीयाच्या हातातील मोठी प्लाझ्मा बंदूक बाजारात विकली तर एक लाख सत्तर हजारांहून अधिक रक्कम येते. म्हणजे एका बंदुकीच्या विक्रीत चार माणसे भरती होऊन वर काही उरते. दलासाठी एक स्वयंचलित रणगाडा घ्यावयाचा तर सुमारे दहा रंगरुटांची किंमत मोजावी लागते. हा हिशेब एकदा मनात बसला की चतुर खेळाडूची नीती आपोआप ठरते: विमानाचे दार उघडताच प्रथम नवा शिपाई बाहेर ढकलावयाचा. तो मेला तर शत्रू कोठे दडला आहे ते कळते. तो वाचला तर लाभच. जुन्या खेळाडूंत ही रीत सर्वज्ञात आहे आणि तिची कोणाला लाज वाटत नाही. २०१२ च्या खेळात साधारण काठिण्यपातळीवर रंगरूट दहा नाण्यांना मिळतो आणि एक उपग्रह शंभर नाण्यांना. शिकवणीच्या पहिल्याच मोहिमेत चार नवखे जर्मनीत उतरतात. खेळाडूने काहीही केले तरी त्यांतील तिघे मरतात आणि एक परत येतो. पहिला धडाच असा आहे.

आता तंत्रविद्येकडे पाहू. माणसाच्या बाबतीत हे खेळ जितके कृपण, तितकेच यंत्राच्या बाबतीत उदार आहेत. संशोधनाचा विषय निवडावा, शास्त्रज्ञ नेमावेत, दिवस मोजावेत. ठरलेल्या दिवशी यश हमखास. प्रयोग फसत नाही, दिशा चुकत नाही, दोन शास्त्रज्ञांचे मतभेद होत नाहीत. शोध लागला की नवी बंदूक कोणत्याही शिपायाच्या हातात द्यावी. ती त्याला त्याच क्षणी चालविता येते. तिची दुरुस्ती नाही, तिचे बिघाड नाहीत. जो रंगरूट साध्या रायफलीने भिंतीला नेम लावू शकत नाही, त्याला परग्रहावरील शस्त्र वापरण्यास एका तासाचे शिक्षण लागत नाही. उलट शत्रूची बंदूक त्याच्या पायाशी पडलेली असताना, शोध पूर्ण झालेला नसेल तर तिचा घोडा ओढण्याचीही त्याला मुभा नाही. दुसऱ्या खेळाच्या कर्त्यांना हे खटकले असावे. त्यांनी तोड काढली की, शत्रू मरताच त्याचे शस्त्र फुटून तुकडे होतात. अखंड शस्त्र हवे तर शत्रूला जिवंत पकडावे लागते. ही तोड चतुर आहे आणि तिच्यामुळे खेळात चुरस आली, हे आम्ही मान्य करतो.

बाजाराचे कोडे मात्र दोन्ही खेळांत सुटत नाही. पहिल्या खेळात आपल्या कारखान्यात लेझर तोफा बनवून विकल्या तर प्रत्येक तोफेमागे चांगला नफा सुटतो. कितीही विका, भाव उतरत नाही. राष्ट्रांच्या अनुदानावर न विसंबता केवळ या धंद्यावर दल चालविणारे खेळाडू पुष्कळ आहेत. पण या तोफा घेते कोण? घेणारी राष्ट्रे असतील तर त्यांची सैन्ये कोठे आहेत? परग्रहवासी एखाद्या शहरात शिरून नागरिकांची कत्तल करू लागतात, तेव्हा त्या शहराचा एक पोलीसही रस्त्यावर दिसत नाही, फौज तर दूरच. दुसऱ्या खेळात एकाच वेळी तीन शहरांतून माणसे पळविली जातात आणि आपण एकाच ठिकाणी जाऊ शकतो. उरलेल्या दोन देशांत घबराट वाढते. तीन देशांची सैन्ये त्या रात्री काय करीत होती, याचे उत्तर कोठेही नाही.

या सगळ्याला एक सोपे उत्तर आहे आणि ते नातवाने आम्हांला तत्काळ दिले: "आजोबा, हा खेळ आहे." उत्तर खोटे नाही. बुद्धिबळातला हत्ती तिरपा का चालत नाही, असे कोणी विचारीत नाही. पट लहान हवा, मोहरी थोडी हवीत, आरंभी दुबळेपण हवे आणि शेवटी सामर्थ्य हवे. त्याखेरीज चढण नाही आणि चढणीखेरीज गोडी नाही. सोळा राष्ट्रांच्या सेना पहिल्याच दिवशी हजर झाल्या तर खेळाडूला करावयाचे काय उरेल? म्हणून चार माणसांचे पथक, निर्मनुष्य पोलीस चौक्या आणि न उतरणारे बाजारभाव या विसंगती आम्ही खेळाच्या खात्यावर माफ करतो. रंगभूमीवरची चौथी भिंत आपण जशी माफ करतो, तशाच या.

परंतु एक विसंगती आम्हांला माफ करता येत नाही. ती म्हणजे माणूस आणि यंत्र यांना लावलेली दोन मापे. यंत्र पैशाने वाढते आणि माणूस मेल्या-मारल्याने वाढतो, हा या खेळांचा पाया आहे. यंत्राची वाट आखीव जिन्याची, एकेक पायरी निश्चित वर नेणारी. माणसाची वाट चाळणीची. वरून टाकावे, जे खाली गळेल ते गळेल. अशी रचना खेळाच्या गरजेपोटी अपरिहार्य होती असे नव्हे. चांदमारीचे मैदान दिले असते तर चढण नाहीशी झाली नसती; शिपायावर वेळ आणि पैसा खर्च करावा की बंदुकीवर, हा एक नवाच पेच खेळाडूपुढे उभा राहिला असता. तो पेच खराखुरा आहे. राज्यकारभारात तो रोज पडतो. आणि तेथेही बहुधा बंदुकीचाच जय होतो.

आम्ही सेवेत असताना एका कार्यालयात संगणक आले. खरेदी झाली, फलक लागला, छायाचित्र निघाले. शिकविण्यासाठी तरतूद मागितली तेव्हा उत्तर आले की, यंत्रे दिली आहेत, आता कर्मचाऱ्यांनी शिकून घ्यावे. पुढील कित्येक महिने ती यंत्रे कापडाखाली झाकून राहिली आणि लिपिक शेजारच्या टेबलावर पूर्ववत हाताने नोंदवह्या भरीत राहिले. पुढे एका तरुण लिपिकाने स्वतःच्या खर्चाने शिकून इतर चौघांना शिकविले, तेव्हा कुठे कापड उठले. जिन्याच्या पायऱ्या चढणारे पाय कोणाचे असतात, हे त्या प्रसंगाने आम्हांला शिकविले. खेळातील प्रयोगशाळेला ते ठाऊक नाही.

ग्वाल्हेरच्या वाचकांना यासाठी लांब जावे लागू नये. महादजी शिंद्यांनी १७८४ साली सॅव्हॉयच्या डी बॉयनला नोकरीस ठेवले आणि युरोपीय धर्तीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना घातला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी आपले काम चोख करून दाखविले. परकी तंत्रविद्या घेऊन ती आपली करण्याचे याहून चांगले उदाहरण त्या शतकात विरळा. पण महादजींनी नुसत्या तोफा घेतल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे कवायत करविली, आणि पलटणींचा पगार वेळेवर मिळावा म्हणून दोआबातील मुलूख लावून दिला. पुढे १८०३ च्या युद्धाची वेळ आली तेव्हा तोफा होत्या, बंदुका होत्या, पलटणी होत्या. मात्र इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर अनेक परकी अधिकारी सेवा सोडून गेले आणि डी बॉयनच्या जागी आलेला पेरों स्वतःच शत्रूच्या स्वाधीन झाला. तरीही २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. वेलस्लीच्या फौजेचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशी मृत वा जखमी झाले. लढाई गेली, पण ती तोफांच्या कमतरतेने गेली असे कोणी म्हणत नाही. खेळाच्या भाषेत सांगावयाचे तर शिंद्यांनी सगळे शोध पूर्ण केले होते. जे हातचे सुटले ते शोधांच्या यादीत नव्हतेच.

एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली मंगळवासीयांच्या स्वारीची जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्यात माणसाच्या तोफाही हरतात आणि बुद्धीही. आक्रमकांना मारतात ते पृथ्वीवरचे सूक्ष्मजंतू. वेल्सना माणसाचा गर्व उतरवावयाचा होता. हे खेळ त्याच्या नेमके उलट टोकाला आहेत. त्यांचा प्रयोगशाळेवर अढळ विश्वास आहे: शिकाल तर जिंकाल. हा विश्वास आम्हांलाही प्रिय आहे. खंत एवढीच की, शिकण्याचा हा अधिकार त्यांनी प्रयोगशाळेपुरता राखून ठेवला आणि रंगरुटाला तो नाकारला.

कर्त्यांनी या प्रश्नांचा पुढे विचारच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ साली आलेल्या 'एक्सकॉम २' मध्ये त्यांनी कथेचाच पाया बदलला. येथे गृहीत असे की, पहिल्या युद्धात माणूस हरला; आता २०३५ साल आहे, पृथ्वीवर परक्यांचे राज्य आहे, आणि आपण लपून लढणारे बंडखोर आहोत. या एका बदलाने अर्धे आक्षेप गळून पडतात. बंडखोरांपाशी चिलखत नसणारच, माणसे थोडी असणारच, आलेला प्रत्येक जण नवखा असणारच. दारिद्र्याला कारण मिळाले की दारिद्र्य खटकत नाही. २०१७ सालच्या पुरवणीत आणखी एक पाऊल पुढे पडले: शिपाई थकू लागले. लागोपाठ मोहिमांवर पाठविलेल्या माणसाला विश्रांती द्यावी लागू लागली, आणि बरोबर लढणाऱ्या दोघांत स्नेह जुळू लागला. माणूस म्हणजे नुसता नेम नव्हे, इतके तरी त्या खेळाने मान्य केले. टीकाकाराने दोष दाखवावा तशी सुधारणाही नोंदवावी.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आम्ही मेलो तेव्हा नातू जेवला आणि आत्या मेली तेव्हा जेवला नाही. हा भेद कोठून आला? खेळाच्या जमाखर्चात दोघांची बदली किंमत एकच होती. आत्याच्या जागी येणारा नवा शिपाईही दहाच नाण्यांचा. पण आत्याबरोबर नातवाने वीस-पंचवीस मोहिमा काढल्या होत्या. ती एकदा जखमी होऊन कित्येक दिवस रुग्णालयात पडली होती. एकदा तिने अखेरची गोळी मारून पाचही साथीदारांना वाचविले होते. तिचे मोल तक्त्यात नव्हते, सहवासात होते. खेळाचा हिशेब एक सांगत होता आणि खेळाडूचे मन दुसरे. या दोहोंतील ओढाताण हेच या खेळांचे खरे वाङ्मयीन सामर्थ्य आहे, असे आमचे मत झाले. मेलेला शिपाई परत येत नाही, हा नियम त्याच्या मुळाशी आहे. चाल चुकली तर जुन्या जागी परतण्याची सोय खेळात असते. पण २०१२ च्या खेळात 'आयर्नमॅन' नावाचा प्रकार आहे, ज्यात ती सोयही काढून घेतली जाते. नातू तोच खेळत होता. म्हणून त्याचा शोक खरा होता.

मात्र या सामर्थ्याला एक मर्यादा आहे, आणि तिच्यावर बोट ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. हा शोक जो टिकला त्याच्यासाठीच आहे. जो पहिल्या तिसऱ्या मोहिमेत गेला, त्याच्याशी ओळख होण्याइतका वेळ खेळच देत नाही, आणि त्याला स्वस्त ठेवून खेळाडूलाही ओळख करून न घेण्याचीच सवय लावतो. २०१२ च्या खेळात तळावर एक स्मृतिभिंत आहे. तीवर प्रत्येक मृताचे नाव लागते, आणि तेथे गेले की बॅगपाइपचे शोकस्वर ऐकू येतात. आम्ही नातवाला तेथे नेण्यास सांगितले. पंधरा-सोळा नावे होती. मेजर आत्या तिसऱ्या ओळीत. आमचे नाव बरेच वर, आरंभीच्या गर्दीत, हुद्दा: रंगरूट. आमच्या पुढेमागे चार-पाच नावे अशी होती की जी त्याने स्वतः दिलेली नव्हती, यंत्राने दिली होती. ती कोणाची, कोठे पडली, हे त्याला आठवेना. तो थोडा वेळ गप्प बसून होता.

आपण ज्या नगरात राहतो ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढले आणि म्हणून 'लष्कर' म्हणवले गेले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळपुरुष फौजेबरोबर उत्तरेत आले. त्यांतील सरदार थोडे, साधे शिपाई आणि कारकून अधिक. येथे राजघराण्याच्या छत्र्या आहेत आणि त्या सुंदर आहेत. असईला तोफेपाशी उभे राहून मेलेल्या गोलंदाजाची छत्री कोठेही नाही. त्यालाही कोणी तरी कधी रंगरूट म्हणून भरती केले असेल आणि त्याच्या डोक्यावर काही एक रक्कम लिहिली असेल. 'रिक्रूट' या इंग्रजी शब्दाचे आपल्या लोकांनी 'रंगरूट' केले, त्यात थोडी थट्टा आहे. पण ती थट्टा करणाऱ्यांच्याच घरातील मुले त्या रांगेत उभी असत.

म्हणून हे खेळ नातवंडांनी खेळू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. ते खेळावेत, त्यांत बुद्धी लागते, धीर लागतो, आणि हरल्यावर पुन्हा उभे राहावे लागते. फक्त विमानाचे दार उघडताना पहिला कोण बाहेर पडतो आहे, त्याचे नाव एकदा वाचून घ्यावे, असे आम्ही नातवाला सांगितले. तो म्हणाला, "नाव वाचलं तर पाठवता येणार नाही, आजोबा." सेनापती म्हणून त्याची अडचण आम्हांला समजते. सोळा राष्ट्रांच्या परिषदेने तेवढे एक चांदमारीचे मैदान मंजूर केले असते, तर ती थोडी कमी झाली असती.